नागपुरात पहिला पॅडलबोर्ड: बोर्ड कोणता, जॅकेट कोणतं, लीश कुठे बांधायची?

मनीषनगरवाला:
घरच्यासाठी एक स्टँड-अप पॅडलबोर्ड घ्यायचा विचार करून राहिलो आहे. माझं वजन ८६ किलो, उंची १७५ सेंमी. बायको ५८ किलो, १५८ सेंमी. मुलगी ९ वर्षांची, २७ किलो. ती समोर बसून येणार. मला बऱ्यापैकी पोहता येतं, बायकोला पूलची एक लांबी जमते, मुलगी अजून शिकून राहिली आहे. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट छोटी, गाडी हॅचबॅक. सगळं मिळून चाळीस-पंचेचाळीस हजारांत बसवायचं आहे.

ऑनलाइन पाहिलं तर १०, १०.६, ११.६ असे आकडे, १५ पीएसआय, सिंगल लेयर, डबल लेयर... डोकं फिरलं. बोर्ड कोणत्या मापाचा घ्यावा? लाइफ जॅकेट बोर्डासोबत येतं ते चालतं का? पायाला बांधायची दोरी, म्हणजे लीश, खरंच लागते का, की समुद्रासाठीच असते? आणि आपल्या इकडे हे चालवायचं कुठे?

झिरोमाइल:
हवा भरायचाच घ्या. कडक फायबरचा बोर्ड तुमच्या लिफ्टमध्ये जाणार नाही, हॅचबॅकच्या टपावर न्यायला रॅक लागेल, आणि धरणाच्या पिचिंगच्या दगडावर एकदा आपटला की तडा. हवेच्या बोर्डात वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी आतून जोडलेला असतो. म्हणून तो ट्यूबसारखा गोल न फुगता फळीसारखा सपाट राहतो. गुंडाळला की पाठीवरच्या पिशवीत मावतो, वजन ८ ते १२ किलो.

मापाचं बोलू. नवख्याला लांबीपेक्षा रुंदी आणि जाडी जास्त महत्त्वाची. जाडी ६ इंच, म्हणजे १५ सेंमी, याच्या खाली उतरू नका. पावणेपाच इंची बोर्ड स्वस्त मिळतात, पण ८६ किलोचा माणूस मधोमध उभा राहिला की ते खाली दबतात, नाक आणि शेपूट वर येते, मग ना तोल राहत ना सरळ जातं. रुंदी ३२ ते ३४ इंच. ३० इंच आणि त्याखालचे वेगासाठी असतात, सध्या त्यांच्या नादी लागू नका.

तुम्ही एकटेच चालवणार असता तर १० फूट ६ इंच × ३२ पुरला असता. पण मुलगी समोर बसणार. ८६ अधिक २७, वर जॅकेट, पाणी, पिशवी असे ५ किलो धरा: ११८. कंपनी 'कमाल १३० किलो' लिहिते तेव्हा त्याचा अर्थ बोर्ड बुडणार नाही एवढाच. तोल धरून उभं राहायचं तर लिहिलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास थांबावं, शिकाऊ माणसाने तर नक्कीच. म्हणून तुमच्यासाठी ११ ते ११ फूट ६ इंच लांब, ३३-३४ रुंद, ६ जाड, ३०० लिटरच्या वरचा आणि १८० किलोच्या आसपास किंवा जास्त भार लिहिलेला बोर्ड पाहा. बायको एकटी असेल तेव्हा तो थोडा सुस्त वाटेल, वाऱ्यात जास्त ढकलला जाईल. एकाच बोर्डावर तिघांचं भागवायचं तर एवढं चालवून घ्यावं लागतं.

सिंगल लेयर, म्हणजे बाहेर पीव्हीसीचा एकच थर असलेला, हलका आणि स्वस्त, पण लवकर वाकतो. डबल लेयर किंवा 'फ्यूजन' म्हणतात तो दोन-तीन हजार जास्त देऊन मिळत असेल तर घ्या. कार्बन पॅडलवर मात्र आत्ता पैसे घालू नका. ॲल्युमिनियमचं साधारण किलोभर असतं, फायबरचं त्याहून हलकं. शिकायला दोन्ही ठीक. पॅडल कमी-जास्त करता येणारं हवं: उंची अधिक २० सेंमी, म्हणजे तुम्हाला १९५, वहिनींना १७८. आणि घरी आल्या आल्या पाण्याच्या टाक्यात टाकून पाहा. नळीच्या जोडात पाणी शिरणारी पॅडलं हळूहळू तळाला जातात.

रामटेककर:
बोर्डाचं झिरोमाइल यांनी सांगितलं ते बरोबर. पण बजेटची सुरुवात उलट्या बाजूने करा. आधी तीन जॅकेटं आणि लीश यांचे पैसे बाजूला काढा, उरेल त्यात बोर्ड पाहा.

बोर्डाच्या सेटमध्ये बहुतेक वेळा जॅकेट येतच नाही. पंप, पॅडल, फिन (बोर्डाच्या तळाला मागे लागणारा पर), लीश आणि पिशवी येते. येत असलं तरी ते तुमच्या मापाचं असेलच असं नाही. तुम्हाला आणि वहिनींना फोमचं, बिनबाह्यांचं, खांद्याशी मोकळं असं जॅकेट हवं, कारण हात डोक्यावर न्यावे लागतात. लेबलावर ५० न्यूटन आणि आयएसओ १२४०२-५ (जॅकेटांचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेलं असतं, ते पोहता येणाऱ्या, शुद्धीत असलेल्या माणसासाठी आहे. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलोचा उचल. डोकं पाण्यावर ठेवायला तेवढा पुरतो, पण बेशुद्ध माणसाला तो उताणा करत नाही. मुलीसाठी म्हणून वेगळा नियम: १०० न्यूटन, १२४०२-४, मागे कॉलर आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा. पट्टा नसेल तर पाण्यात पडताच जॅकेट वर सरकतं आणि पोर त्यातून खाली निसटतं. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून एक माप मोठं घेऊ नका. शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे चालत नाही.

बसतंय का ते दुकानातच पाहा. सगळे बक्कल लावा, पट्टे ओढा, मग दुसऱ्याला दोन्ही खांद्यांपाशी धरून जॅकेट वर उचलायला सांगा. हनुवटीला किंवा कानाला लागलं तर सैल आहे. उचलून तुमचेच खांदे वर येत असतील तर बरोबर.

बोटिंगच्या ठिकाणी मिळतात ती नारिंगी जॅकेटं चिमटीत दाबून पाहा. फोम दबलेला, चुरा झालेला, नाड्या तुटलेल्या असतील तर ते जॅकेट फक्त रंगाला नारिंगी उरलेलं असतं.

कमरेच्या पट्ट्यासारखं फुगणारं जॅकेट मिळतं. उन्हाळ्यात मोह होतो, कारण छातीवर काही नसतं. पण त्यात गॅसचा छोटा सिलिंडर असतो, दोरी ओढल्यावर ते फुगतं आणि मग डोक्यातून घालावं लागतं. घाबरलेल्या, नाकातोंडात पाणी गेलेल्या नवख्याकडून ही दोन कामं होत नाहीत. पोहणं कच्चं असेल तर ते घेऊच नका.

लीश समुद्रासाठीच असते हा गैरसमज. तलावावर वारा असला की पडलेल्या माणसाच्या हातून बोर्ड क्षणात सुटतो आणि पाण्यावरून सरकत जातो. त्यावर कोणी नसल्यामुळे तो हलका, आणि जॅकेट घालून तुम्ही पोहणार हळू. तुमचा खरा तराफा म्हणजे बोर्डच, तो जवळ राहिला पाहिजे. साठलेल्या पाण्यासाठी टेलिफोनच्या वायरसारखी गुंडाळीची लीश घ्या, ८ ते १० फुटी. सरळ लीश मागे पाण्यात लोंबते आणि जे सापडेल ते गोळा करते.

जागांचं थोडक्यात. फुटाळा, गांधीसागर, अंबाझरी: शहरातले तलाव म्हणजे सांडपाणी, जलपर्णी, आणि पूर्वीच्या विसर्जनांमुळे तळाला काय पडलंय याचा भरवसा नाही. पडल्यावर ते पाणी तोंडात जाणार, पायाला जखम असेल तर आणखी वाईट. गोरेवाडा जंगलाचा भाग, तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात आणि तिथे मगरी आहेत. दोन्ही नावं यादीतून काढा. खिंडसी तलाव नागपूरहून साधारण ५० किमी, तिथे बोटिंग चालतं, माणसं आणि मोटरबोट जवळ असतात, शिकायला बरं. स्वतःचा बोर्ड टाकायचा तर तिथे आधी विचारा. इतर धरणांवर जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात विचारावं. पिण्याच्या पाण्याचं धरण असेल तर बहुधा नाहीच म्हणतील. गोसीखुर्दचं पाणी पाहून भुलू नका. बॅकवॉटरमध्ये बुडालेल्या झाडांचे शेंडे पाण्याखाली हातभर असतात आणि वाऱ्याला अडवायला काही नाही.

मनीषनगरवाला:
खूपच कामाचं. दोन शंका. एक, लीश घोट्याला बांधायची की कमरेला? व्हिडिओत सगळे घोट्याला बांधतात. दुसरी, गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घरी आहे, तो १५० पीएसआयचा. मग पंपाचा खर्च वाचेल ना?

तर्रीपोहे:
कॉम्प्रेसरचं उत्तर मी देतो. १५० हा दाबाचा आकडा आहे, हवेच्या मापाचा नाही. टायरला थोडी हवा जास्त दाबाने लागते, बोर्डाला भरपूर हवा कमी दाबाने. तो छोटा कॉम्प्रेसर ३०० लिटर भरता भरता तापेल आणि मध्येच बंद पडेल. नोझलही बसणार नाही, बोर्डाचा व्हॉल्व्ह वेगळा असतो. १२ व्होल्टचे खास बोर्डासाठीचे पंप मिळतात: आधी भराभर हवा, मग आतला पिस्टन दाब वाढवतो, आकडा लावून ठेवला की आपोआप थांबतो. सिगारेट लायटरवर चालवायचा तर गाडी चालू ठेवा, नाहीतर परतताना धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

पण आधी सेटमधला हातपंपच वापरा. त्यात लोक कुठे चुकतात ते सांगतो.

व्हॉल्व्हच्या मधली पिन दाबून फिरवली की ती खाली अडकते किंवा वर येते. हवा भरताना ती वर हवी. खाली राहिली तर हवा भरली जाते, गेजही चढतं, आणि नळी काढताक्षणी फस्सकन सगळी हवा बाहेर.

सुरुवातीला गेजचा काटा हलतच नाही. पंप खराब नसतो, ५-६ पीएसआयपर्यंत बहुतेक गेज काही दाखवत नाहीत. सुरुवातीला ढकलताना आणि ओढताना दोन्हीकडे हवा जाते. ७-८ च्या पुढे जड झालं की पंपाची छोटी प्लग काढा, म्हणजे फक्त ढकलताना हवा जाईल. हातांनी नाही, कोपर सरळ ठेवून अंगाच्या भाराने दाबायचं. दमून १० वरच सोडून देणारे पुष्कळ. ८६ किलोखाली तो बोर्ड मध्ये वाकणारच, आणि मग लोक बोर्डाला नावं ठेवतात. तुमच्या वजनाला १४-१५ पाहिजे.

आता खास आपल्या नागपूरचं. सकाळी २५ अंशाला १५ पीएसआय भरलेला बोर्ड एप्रिल-मेमध्ये काठावर उन्हात टाकला आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत गेली, तर दाब साडेअठराच्या आसपास जातो. शिवणीचा गोंद आधीच उन्हाने मऊ झालेला, त्यात हा दाब. बोर्ड फुटण्याचं नेहमीचं कारण हेच. पाण्यात असेपर्यंत खालून गार राहतो, काळजी नाही. बाहेर काढला की सावली, नाहीतर लगेच ३-४ पीएसआय सोडा. गुंडाळलेला बोर्डही बंद गाडीत दिवसभर ठेवू नका.

हेच उलटंही होतं. डिसेंबरमध्ये दुपारी ३० अंशाला १५ भरून ठेवला आणि पहाटे १२ अंशाला पाहिला तर गेज १३ च्या आसपास दाखवतं. गळती नाही, हवा आकसली. खरी गळती शोधायची तर दोन दिवस त्याच वेळेला, त्याच सावलीत मोजा. तरी कमी येत असेल तर साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हभोवती लावा. बुडबुडे तिथेच निघण्याची शक्यता जास्त, आणि सेटमधल्या पान्याने अर्धा आटा आवळला की बहुधा थांबतात. छिद्र असेल तर सेटमधला पीव्हीसीचा तुकडा आणि गोंद. २४ तास हवा भरू नका. फेव्हिक्विक लावू नका. ते कडक होतं आणि बोर्ड गुंडाळताना तडकतं.

झिरोमाइल:
लीशबद्दल रामटेककरांशी अर्धाच सहमत. गुंडाळीची घ्या हे बरोबर, पण आपल्या तलावांत घोट्याला बांधू नका. इथे पाण्यात मासेमारीची जाळी टाकलेली असतात. वर फक्त थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या दिसतात. काठाला बेशरमाची झुडपं पाण्यात उतरलेली, काही ठिकाणी जलपर्णीची जाड गादी. लीश अशा कशात गुंतली आणि तुम्ही पाण्यात असाल तर घोट्याचा पट्टा सोडायला पाण्याखाली वाकावं लागतं. जॅकेट घातलेल्या माणसाला ते जमत नाही, जॅकेट वर ढकलत राहतं. म्हणून कमरेचा पट्टा, ज्याला झटक्यात सुटणारं बक्कल आणि हाताला सापडेल असा गोळा किंवा फीत असते. ती पुढे, पोटाशी येईल अशी बांधा, जॅकेटच्या खाली दडपू नका. उजव्या आणि डाव्या, कोणत्याही एका हाताने, डोळे मिटून सोडता येते का ते काठावर दहा वेळा करून पाहा. मुलीला स्वतंत्र लीश बांधू नका. ती तुमच्या दोरीत गुंतेल.

रामटेककर:
मान्य. मी घोटा किंवा कंबर असं काही म्हटलं नव्हतं, पण जाळ्यांचा मुद्दा पक्का आहे. भर घालतो: बाटल्यांची रांग दिसली की दोन बाटल्यांच्या मधून जाऊ नका, जाळं तिथेच असतं. टोकाला वळसा घाला. शिंगाड्याची लागवड असलेला कोपराही सोडा. ते कोणाचं तरी पीक आहे, आणि काटे असे की पायही फाटेल.

फिनचंही बघा. सेटमध्ये ९ इंची उभी फिन येते. स्वच्छ खोल पाण्यात ती बोर्ड सरळ ठेवते. गवताळ पाण्यात ती झाडूसारखं गवत गोळा करते, मग वाटतं बोर्डाला कोणी मागून धरलंय. मागे झुकलेली गवती फिन वेगळी मिळते, तिच्यावरून गवत घसरून जातं. घेताना बोर्डाचा खाचा कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहा, एका कंपनीची सरकपट्टी दुसऱ्याला बसत नाही. यूएस बॉक्स नावाचा सर्रास चालणारा खाचा असेल तर सोपं, त्यात बऱ्याच फिन बसतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उथळात फिन तळाला अडकते, बोर्ड थांबतो, तुम्ही मात्र पुढे जाता, तोंडावर. गुडघाभर पाण्यात गुडघ्यांवरच राहा.

अंबाझरी_पहाट:
सामानाचं झालं, पण पडायचं कसं ते कोणी लिहिलं नाही. शिकाऊ माणूस पडणारच.

पडताना बोर्डापासून दूर, बाजूला, अंग पसरून पडा. डोकं खाली नाही, उभे पायही खाली नाही, कारण खोली माहीत नसते. पॅडल हातातून सोडायचं नाही. वर आल्यावर आधी बोर्ड धरा. चढताना मागून चढायला जाऊ नका, बाजूने मधल्या हँडलपाशी या. एक हात हँडलला, दुसरा पलीकडच्या कडेला, पाय मागे पाण्याच्या पातळीवर आणून जोरात मारा आणि पोटावर सरका. पाय बोर्डाच्या खाली लोंबकळत ठेवून नुसतं हातांनी ओढलं की बोर्ड अंगावर उलटतो. नव्वद टक्के लोकांचं इथेच अडतं. वहिनींनी हे छातीभर पाण्यात, न थांबता पाच वेळा केल्याशिवाय खोल पाण्यात नेऊ नका. मुलीने पडायचं आणि तिला वर घ्यायचं, याचीही उजळणी तिथेच करा. तिला आधी चढवा, मग तुम्ही. उलट केलंत तर ती एकटी पाण्यात राहते.

उभं राहताना पाय हँडलच्या दोन्ही बाजूंना, खांद्याएवढं अंतर, बोटं पुढे, गुडघे थोडे वाकलेले. नजर समोर काठावर ठेवा, पायांकडे पाहिलं की गेलात. पॅडलचं पातं वाकलेलं असतं. तो वाक तुमच्यापासून पुढे, बोर्डाच्या नाकाच्या दिशेने हवा. बहुतेक जण चमच्यासारखं उलटं धरतात.

वारा: अंदाजात ताशी १२-१५ किमीच्या वर असेल तर त्या दिवशी राहू द्या. पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले की ती मर्यादा आलीच समजा. निघताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर तोच परत आणेल. उलट केलं की जाताना राजा, येताना हमाल. उभ्याने जमत नसेल तर गुडघ्यांवर बसा, तरी नाही तर पालथं पडून हातांनी वल्हवा. बोर्ड सोडून काठाकडे पोहत निघायचं नाही, काठ दिसतो त्याहून दूर असतो.

आपल्याकडे सकाळी सूर्य उगवल्यापासून साडेआठ-नऊपर्यंत पाणी बहुधा शांत असतं. एप्रिल-मेच्या दुपारी एकदम वावधान सुटतं, वीज पडते. फोनमध्ये 'दामिनी' ॲप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, जवळपासच्या विजांची सूचना देतं. गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत पाण्यात नाही. झाडाखाली थांबू नका, गाडीत बसा.

मनीषनगरवाला:
मुलीच्या १०० न्यूटनच्या जॅकेटला कॉलर मोठी असते, तिला समोर बसून मागे बघायला त्रास होईल का? आणि फोन, पाणी वगैरे बोर्डाच्या जाळीत ठेवायचं का?

रामटेककर:
थोडा त्रास होईल, चालवून घ्या. ती तुमच्या पायांच्या पुढे, बोर्डाच्या मध्याजवळ मांडी घालून बसेल तर तिला मागे पाहायची गरजही कमी. नाकाकडे सरकली तर नाक बुडतं आणि बोर्ड वळत नाही. तुम्ही मात्र त्याच वेळी अर्धा पाऊल मागे उभे राहा, म्हणजे भार समतोल राहील.

जाळीत पाण्याच्या दोन बाटल्या, ओआरएस, टोपी एवढं ठेवा. फोन जाळीत नाही. जलरोधक पाकिटात घालून जॅकेटच्या खिशात किंवा गळ्यात, आत. बोर्ड दूर गेला तर फोनही त्याच्याबरोबर जाईल. पाकीट आधी घरी टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास बुडवून पाहा. ११२ स्पीड डायलवर. शिट्टी जॅकेटच्या झिपला बांधा, प्रत्येकाला एक, मुलीलाही, आणि तिला ती वाजवून दाखवायला सांगा. पायात चपला नको, त्या पहिल्याच पडण्यात गेल्या. मागे पट्टा असलेले जुने सँडल चालतील. काळ्या पॅडचा बोर्ड असेल तर उभं राहण्याआधी त्यावर पाणी मारा, मार्चपासून तो तव्यासारखा तापतो.

झिरोमाइल:
दुकानात किंवा ऑनलाइन घेतलात तरी घरी आल्यावर १५ भरून सावलीत २४ तास ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा, कडांच्या शिवणीवरून बोट फिरवून कुठे सुटलेलं आहे का पाहा. फिनचा खाचा सरळ चिकटवलाय का तेही मागून डोळा लावून बघा. तिरका असेल तर बोर्ड कायम एका बाजूला जातो आणि तुम्हाला वाटत राहतं की आपलंच पॅडल चुकतंय. हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत. एकदा पाण्यात घातला की बदलून द्यायला कुरकुर करतात.